कंपनीच्या नावानं शंख

मोशी, १९ मार्च २०२४

इरा,

आज आशीर्वाद लिहिणारच नव्हते. पण पत्र लिहायला बसलं की हात आपोआप तिकडे वळतो, म्हणून दिले असं समज.

पोस्टाने पत्र आलेलं बघून तुला हसू येईल. पण करू काय? फोनवर तू 'आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते' म्हणतेस आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. परवा तर मी 'शंख' एवढाच शब्द उच्चारला आणि तू फोन ठेवलास. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी टेबलावर पडून राहील आणि येता-जाता दिसेल. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईशी गाठ आहे तुझी.

तर ऐक. रविवारी तुमच्या चॅनलवर इंद्रायणीची बातमी लागली. मी आदल्या दिवसापासून अख्ख्या सोसायटीला सांगत सुटले होते, आमच्या इराने केली आहे, जानेवारीत ती लोकं घेऊन आली होती ना, तीच. बाबांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. मी पोहे केले. गोठ्यावरचं काम आटोपून उद्धवराव आणि यशोदाबाई जोडीने आले, त्यांना मुद्दाम पुढच्या सोफ्यावर बसवलं, कारण मान त्यांचाच होता. तुमच्या माणसांना घेऊन सकाळभर नाल्याच्या चिखलातून कोण हिंडलं? उद्धवरावांनी चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्वतःच्या मुलाच्या लग्नात ज्याने इस्त्री केली नाही, त्या माणसाने!

सुरू झालं ते तंबोऱ्याने. मग सगळं पिवळट, जसं काही आमच्याकडे सूर्यसुद्धा जुनाट असतो. फेसात उभी राहिलेली बाई, हात जोडलेली. एक गाय. मग तुमच्या त्या निळ्या शर्टातल्या बातमीदाराचा खर्जातला आवाज. या देशात नदी ही देवी आहे, आणि देवी मळलेली आहे हे तिच्या भक्तांना दिसतच नाही, अशा अर्थाचं काहीतरी. मी म्हटलं, असू दे, सुरुवात असते अशी. आता पाइप दाखवतील.

आणि मग उद्धवराव दिसले. नाल्याच्या कडेला, हातात काठी. त्यांचं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं, कारण मी तेव्हा तिथेच उभी होते. "दहा वर्सं झाली. आमी या कंपनीच्या नावानं शंख करतोय. कोन ऐकतंय?" आणि खाली इंग्रजीत आलं: 'दहा वर्षं आम्ही तिच्यासाठी शंख फुंकतो आहोत. ती ऐकत नाही.' लगेच पुढच्या क्षणाला पडद्यावर एक पुजारी, गाल फुगवून शंख फुंकतोय. बाबा म्हणाले, हा घाट आपला नव्हेच, हा तर बनारसचा.

इरा, नावानं शंख करणं म्हणजे काय, हे तुला सांगायला हवं? पाचवीत असताना तू बाबांकडे जाऊन माझी चुगली करायचीस, 'बघा ना, आई सारखी माझ्या नावानं शंख करते.' तेव्हा काय मी देवघरात बसून शंख फुंकत होते?

उद्धवराव देवाचे किती, तेही तुला ठाऊक आहे. आयुष्यात एक एकादशी केली नाही. मुहूर्त सांगायला गुरुजी आले तर म्हणायचे, "गुर्जी, म्हशीला इचारून सांगतो." त्यांना तुम्ही भक्त केलंत. आणि ज्या पाइपात काठी खुपसून त्यांनी तुम्हाला दाखवलं, 'ह्यो बघा, हितनं येतंय समदं', तो कंपनीच्या मागच्या भिंतीतला पाइप कुठेच नाही. फेस दाखवलात, फेस कुठून येतो ते दाखवलं नाहीत.

उद्धवरावांना इंग्रजी येत नाही. त्यांनी विचारलं, "खाली काय लिवलंय?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचंच म्हणणं लिहिलंय, इंग्रजीत." त्या माणसाचा चेहरा असा फुलला म्हणतेस! "म्हंजी लंडनपोत्तर गेली म्हना आपली तक्रार." मग दोन वेळा पोहे मागून घेतले.

एकच ओळ आहे. तेवढी दुरुस्त करून घे. तू तिथे आहेस, तुला जमेल.

बाबांनी एक विचारलंय, ते जसंच्या तसं लिहिते. तिकडच्या एखाद्या नदीला फेस आला असता, तर तुमचे लोक चर्चमधल्या पाद्र्याला विचारायला गेले असते का? बाबा चिडत नाहीत हे तुला माहीत आहे. या वेळी चिडले आहेत.

आई


मोशी, ९ जून २०२४

इरा,

पत्र मिळालं, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. तीन ओळींचा मेसेज. 'आई, मोठं चित्र बघ. लाखो लोकांनी पाहिलं. नदीकडे जगाचं लक्ष गेलं.'

बघते मोठं चित्र. त्यात आपले उद्धवराव कुठे बसतात तेवढं सांग.

गेल्या आठवड्यात मी तुमचंच चॅनल लावून बसले होते. तुझं नाव शेवटी येतं का ते बघायची सवय लागली आहे, दुसरं काय. तिकडच्या कुठल्याशा नदीत सांडपाणी सोडल्याची बातमी होती. सुरुवातीलाच कंपनीचं नाव. मग साहेबाचा फोटो, नकाशा, आकडे, एक प्राध्यापक, एक संतापलेली बाई. त्या बाईच्या तोंडचा शब्द न् शब्द जसाच्या तसा. तंबोरा नव्हता, हो. पियानोसुद्धा नव्हता. बाबा म्हणाले, "बघ, यांना बातमी करता येते." आणि उठून गॅलरीत गेले.

आमच्या इथल्या त्या कंपनीत काय होतं, ते बाबांनी तुमच्या बातमीदाराला सांगितलं होतं. गाड्यांच्या भागांना मुलामा चढवतात. ते भाग चाकणला जातात, तिथल्या गाड्यांना लागतात, आणि त्यातल्या किती गाड्या जहाजाने तुमच्याकडेच येतात. तुमचा तो साहेब भाड्याच्या ज्या गाडीतून आला, तिचं चकाकतं हँडल दाखवून बाबांनी सांगितलं होतं. त्याने हसून मान डोलावली. तेव्हा मला वाटलं होतं, कळलं याला.

उद्धवराव मजेत आहेत. इतके मजेत की मला भीती वाटते. कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनला सांगून आले, "आता बघा राव, लंडनला गेलीय तुमची बातमी." वॉचमन हसला म्हणे. नवनाथ मात्र बापावर तडकला. तो चाकणला कंत्राटावर आहे, त्याला वाटतं आपलं नाव काळ्या यादीत जाईल. "आबा, तुमी गप ऱ्हावा," म्हणाला. दोघांचा चार दिवस अबोला होता. पाचव्या दिवशी म्हैस व्यायली आणि बोलायला लागले.

रोज दूध घालताना विचारतात, "आमची वकील काय म्हंती?" तुला वकील म्हणतात. मी सांगते, काम चाललंय तिचं.

ती ओळ अजून तशीच आहे. मी काल पाहिली.

आई


मोशी, ४ ऑगस्ट २०२४

इरा,

पाऊस थांबलाय. सोसायटीच्या पार्किंगमधला गाळ काल काढला. बाबांची स्कूटर बंद पडली आहे, पण ती तशी पडायलाच झाली होती. लिफ्ट चालू झाली. मी हे सगळं का लिहिते आहे ते तू ओळखलं असशील. मला खरं ते लिहायचं नाहीये.

उद्धवराव गेले.

तुला नवनाथने मेसेज केला होता. तू 'फार वाईट वाटलं' एवढं लिहिलंस, त्याने मला दाखवलं. फोन केला असतास तर बरं झालं असतं. तिसरीत असताना ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तू शाळेत गेलीस, त्याच्या घरी निदान फोन करायचा असतो.

कसे गेले ते माझ्याकडून ऐक, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वेगळं ऐकायला नको. दुपारची वेळ होती. दोन दिवस पाऊस कोसळत होता, नदी चढली, त्यामुळे नाल्याचं पाणी मागे वळलं आणि त्यांच्या गोठ्यात शिरलं. नुसतं पाणी नव्हे. वर कमरेइतका फेस आणि खाली काळं, डोळ्यांना झोंबणारं. अशा पावसात ही कंपनीवाली लोकं टाक्या रिकाम्या करतात, पाण्याबरोबर निघून जातं म्हणून. दोन्ही म्हशी बांधलेल्या. यशोदाबाई ओरडत होत्या, "अवो, नगा जाऊ, नगा जाऊ." ते गेले. एकीला सोडलं, दुसरीचं दावं सोडवताना पाय घसरला. बाबा आणि शेजारच्या पोरांनी दोर टाकून त्यांना ओढून काढलं. पायांची कातडी सोलून निघाली होती, इरा. मी पाहिली. छातीत ते पाणी गेलं होतं.

दवाखान्यात चार-पाच दिवस काढले. शुद्धीवर होते. बोलता येत नव्हतं धड, तरी गंमत सुटली नाही. मला म्हणाले, "बाई, इरीला सांगा, आता माझा पाय दाखव म्हनावं टीव्हीवर." मी हसले. मग बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये रडले.

सांगायचं एवढंच, की ते गेले तेव्हा त्यांना वाटत होतं की त्यांची तक्रार तुझ्या हातून जगाला पोचली आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं. ते वाईट केलं की बरं, मला कळत नाही.

तू ये. चार दिवसांसाठी ये.

आई


मोशी, २२ नोव्हेंबर २०२४

इरा,

आली नाहीस. व्हिसाचं कारण मला पटलं, बाबांना पटलं नाही. ते असो.

आज पत्र लिहिण्याचं कारण नीट वाच, कारण यात काम आहे.

उद्धवरावांच्या मृत्यूची चौकशी बसली. नवनाथनेच अर्ज केला. होय, त्यानेच. बाप गेल्यावर त्याला कसली काळी यादी उरली नाही. सुनावणीला यशोदाबाई, नवनाथ, बाबा आणि मी गेलो होतो. कंपनीचा वकील तरुण आहे, गोड बोलतो. त्याने अधिकाऱ्यांना सांगितलं, ही आत्ता आत्ता आंतरराष्ट्रीय चॅनलवर आलेली निष्पक्ष बातमी आहे, आणि लॅपटॉप उघडला.

तोच तंबोरा वाजला.

उद्धवराव दिसले. यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला, त्यांना वाटलं, आता धनी बोलणार, आता सगळं उघड होणार. वकिलाने तिथे थांबवलं आणि खालची ओळ मराठीत वाचून दाखवली. "मयत स्वतःच सांगतात, साहेब. दहा वर्षं आम्ही देवीसाठी शंख फुंकतो आहोत. म्हणजे फेसाच्या पाण्यात उतरायची यांची रीतच आहे."

यशोदाबाई उभ्या राहिल्या. "शंख? सायेब, आमच्या घरात शंख न्हाई. कवाच नव्हता. येऊन बघा." अधिकारी म्हणाले, बाई, बसा. त्या बसेनात. "ते कंपनीच्या नावानं शंख करत व्हते, सायेब. बोंबलत व्हते. तुमी मराठी न्हाई का?" अधिकारी मराठीच आहेत. त्यांना कळलं असणारच. पण कागदावर इंग्रजी होतं, परदेशी शिक्क्याचं, आणि समोर गावंढळ बोलणारी बाई. बाबांनी उठून सांगायचा प्रयत्न केला, तर वकील म्हणाला, "ही बातमी यांच्याच मुलीने केली आहे, साहेब. तिच्याहून यांना जास्त कळतं का?"

बाबा खाली बसले.

चौकशीच्या टिपणात जे वाक्य आलं ते लिहिते. 'मयत हे श्रद्धाळू असून फेसाळ पाण्यात स्वेच्छेने उतरले असावेत.' असावेत! आयुष्यभर मी हा विध्यर्थ फळ्यावर लिहिला. 'पाऊस पडला असावा', 'गाडी चुकली असावी'. त्याने एखादा माणूसही बुडवता येतो, हे मला माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर यशोदाबाई माझ्याकडे वळल्या. भांडल्या असत्या तर सोसलं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरात बसून आमी बघितलं. तुमी दोगं म्हनला व्हता, त्यांचंच म्हननं लिवलंय."

आता काम. तो पाइप आता तिथे नाही. उद्धवराव गेल्यानंतर आठवड्याभरात कंपनीने मागच्या भिंतीला नवं प्लास्टर केलं. पंचनाम्याला आले तेव्हा कोरी भिंत. पाइप होता याचा आमच्याकडे एकही फोटो नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो कोण काढून ठेवतो? पण तुमच्याकडे आहे. त्या जानेवारीच्या सकाळी तुमचा कॅमेरा तिथे तास-दीड तास चालू होता. उद्धवरावांनी पाइपात काठी घातली होती, कुठल्या वेळी काय रंगाचं पाणी येतं ते सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडाने. ते सगळं तुमच्याकडे असणार.

शेवटची सुनावणी फेब्रुवारीत आहे. पुरावा असेल तर तेव्हा द्या, म्हणालेत. यशोदाबाईंना त्या कागदावरचं 'स्वेच्छेने' खोडून हवंय, एवढंच. त्या म्हणतात, "मानूस म्हशीसाठी गेला. येड्यावानी देवदेव करत न्हाई गेला. त्येवढं लिवू द्या."

ते चित्रीकरण पाठव, इरा. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

आई


मोशी, १५ जानेवारी २०२५

इरा,

तुझं पत्र काल आलं. हाताने लिहिलेलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते तासभर उघडलंच नाही, नुसतं घेऊन बसले. अक्षर अजून तसंच आहे, रेघेच्या वर चढणारं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. सवयीने लाल पेन काढलं आणि परत ठेवून दिलं.

बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ध्यावर मी कागद त्यांच्याकडे दिला, तिथून पुढे त्यांनी वाचलं.

तू लिहितेस, तू भाषांतर बरोबर केलं होतंस. 'दहा वर्षं आम्ही या कंपनीविरुद्ध ओरडतो आहोत,' असंच लिहून दिलं होतंस. मग तुमच्या संपादकाने विचारलं, मूळ शब्द काय आहे? शब्दशः? आणि तू सांगितलंस, शब्दशः म्हणजे शंख फुंकणं. तो खूश झाला. म्हणाला, हे किती सुंदर आहे, हेच ठेवू. कंपनी गेली, देवी आली. तू म्हणालीस, पण अर्थ तसा नाही. तो म्हणाला, आपल्या प्रेक्षकांना भारत असाच समजतो. मग तू गप्प बसलीस. नवी नोकरी होती, घराचं भाडं होतं, आणि खोलीत तुझ्यासारखी दिसणारी दुसरी कुणी नव्हती, असं तू लिहिलंस.

तुझा राग येत नाही, असं लिहायला घेतलं होतं. ते खोटं झालं असतं. येतो. तू चुकलीस म्हणून आला असता तर लवकर गेला असता. तुला बरोबर येत होतं, म्हणून येतो. वर्गात ज्या मुलीला उत्तर येतं आणि जी हात वर करत नाही, तिच्यावर मी नेहमी जास्त चिडायचे. आणि रात्री तिचीच काळजी करायचे. त्या खोलीत तू एकटी बसली होतीस, हे वाचून तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं कमी होत नाही.

तो संपादक वाईट माणूस असेल असं मला वाटत नाही. त्याला आमचं कौतुकच वाटलं असेल. कुणी आपल्याला ओरडू न देता आपलं कौतुकच करत राहिलं तर काय करायचं, हे मात्र मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

चित्रीकरणाचं तू लिहिलंस ते कळलं. न वापरलेलं तुम्ही काही महिन्यांनी पुसून टाकता, तसा नियम आहे. उद्धवरावांचं सगळं बोलणं पुसलं गेलं. तो तास-दीड तास गेला. ते वाचून बाबांनी चष्मा काढून ठेवला. पण एक छोटा तुकडा कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर राहिला असेल, नाल्याजवळचा, तो शोधतेस असं म्हणालीस. शोध. नोकरीवर येईल अशी भीती असेल तर, मी काय सांगू, बाई? मी आई आहे. मी 'नोकरी सांभाळ' म्हणायला हवं. यशोदाबाई रोज सकाळी दार वाजवतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. तू ठरव.

ती ओळ तुम्ही बदललीत, ते पाहिलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, आधीच्या भाषांतरात त्रुटी होती. ते मी यशोदाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोर्टात ह्येच दावलं आसतं तर?" अगं, दाखवलं असतं ना. दहा महिने आधी बदललं असतंत तर हेच दाखवलं असतं.

थंडी फार आहे म्हणतेस. कानाला बांधत जा.

आई


मोशी, १६ फेब्रुवारी २०२५

इरा,

तुकडा मिळाला. बाबांच्या ई-मेलवर शुक्रवारी आला. खाली तू एकच वाक्य लिहिलं होतंस, 'यात पाइपाची जागा आहे, मी सगळं बघितलेलं नाही, बघवलं नाही.' हे पाठवल्याबद्दल तुला कुणी काही बोललं का, ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. पण कळव.

काल सकाळी यशोदाबाई आणि नवनाथ आले. सुनावणी मंगळवारी आहे. नवनाथ सुट्टी टाकून आला होता. बाबांनी पुन्हा तोच लॅपटॉप टीव्हीला जोडला. यशोदाबाई पुढच्या सोफ्यावर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या, अगदी टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ.

मिनिटभराचं आहे. जागा तीच. भिंत तीच, जुनी, प्लास्टर नसलेली. बाबा एकदम पुढे वाकले. "हीच! हीच ती भिंत." नवनाथने आईच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मागे उद्धवराव! काठी घेऊन, धोतर खोचून, धडधाकट. यशोदाबाईंच्या तोंडून नुसता "अगं बया" एवढाच आवाज आला.

पुढे तुमचा बातमीदार उभा आहे, निळ्या शर्टातला. कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय. नदी, देवी, श्रद्धा. माइक त्याला लावलेला. मागे उद्धवराव बोलतायत, हात उंचावून काहीतरी सांगतायत, काठीने दाखवतायत, पण त्यांचा आवाज येत नाही. ओठ हलताना दिसतात. आणि काठी जिथे दाखवते, बरोबर तिथे त्या साहेबाचा खांदा आणि डोकं आहे. तो थोडा डावीकडे झुकतो तेव्हा उद्धवराव उजवीकडे सरकतात, परत दाखवतात. तो परत मध्ये येतो. मुद्दाम नव्हे. त्याला मागे कुणी आहे हे माहीतच नाही.

बाबांनी थांबवून थांबवून पाहिलं. मोठं करून पाहिलं. उजेड वाढवला. त्याच्या कानामागे एक काळी कड दिसते. ती पाइपाची आहे हे आम्हाला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला ते केस वाटतील. नवनाथ म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या. ह्याच्यात न्हाई दिसत." बाबांनी ऐकलं नाही, परत सुरुवातीपासून लावलं. मग परत. चौथ्या वेळी त्यांनी लॅपटॉपवरून हात काढला आणि म्हणाले, "मंगळवारी मी हेच देईन. नसलं दिसत तरी देईन."

यशोदाबाई रडत नव्हत्या. त्यांनी हात पुढे केला आणि टीव्हीच्या काचेवर, त्या साहेबाच्या खांद्याजवळ, बोटांनी हलकेच बाजूला सारल्यासारखं केलं. पोराला बाजूला करतात ना दारातून, तसं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, इरीला लिवा."

"काय लिहू?"

"म्हनावं, त्या सायबाला जरा बाजूला सरकाया सांग."

नवनाथ म्हणाला, "आये, ते रेकॉर्डिंग हाय. झालंय ते. आता न्हाई सरकत कुनी."

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "लिवा तर खरं. ती हुती ना तितं."

मी लिहिते म्हटलं. म्हणून लिहिलं.

आई